'काय करणार?' सोडा, 'काय लिहून दिलंय?' विचारा

कडूनिंब
निवडणूक लागली की उमेदवाराला हमखास विचारलं जातं, "निवडून आलात तर काय करणार?" याचं उत्तर तो झोपेतही देईल. माझ्या मते हा प्रश्न पत्रकारांनी आणि मतदारांनीही बंद करावा.

अर्जासोबत उमेदवार नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. प्रश्न त्यातून काढा. जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजचा बाजारभाव, तिन्ही लिहावं लागतं. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून बघा. तेव्हा नसलेली जमीन आता दिसली, तर पैसा कुठून आला? २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोतही द्यावा लागतो. तिथे नुसतं 'व्यवसाय' लिहिलं असेल तर कसला, हे विचारायला काय हरकत आहे? सरकारी कंत्राटांचाही रकाना आहे. तो तर कुणी उघडूनच बघत नाही.

रोखठोक
कागद वाचून मत देणारे किती असतात हो? आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं. मी पाण्याचंच विचारणार. उमेदवाराची जमीन मोजून माझी टाकी भरणार आहे का?

कडूनिंब
विचारा की, पण कुणाला विचारताय ते बघा. शहरातला पाणीपुरवठा मुळात नगरपालिकेचं काम. विधानसभेच्या उमेदवाराला "पाणी देणार का?" विचारलंत तर तो 'हो' म्हणून मोकळा. त्यापेक्षा विद्यमान आमदाराला विचारा, पाणी योजना मंत्रालयात कुठल्या टप्प्यावर अडली आणि तुम्ही सभागृहात त्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, कधी टाकला. 'हो' म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न हवा, एवढंच.

तिरकस
दोघंही उमेदवारावर फार भरवसा ठेवताय. १९८५ पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हीप, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की आमदाराचं स्वतःचं मत संपलं. मग त्याची मालमत्ता, अभ्यास, चारित्र्य घेऊन काय करू? विचारायचं तर पक्षाला विचारा. आणि २०२२ मध्ये शिवसेना, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटलेली पाहिल्यावर महाराष्ट्रात खरा प्रश्न एकच उरतो: ज्या चिन्हावर मत मागताय, ते पाच वर्षं टिकवणार का?

रोखठोक
यालाही सगळे छातीठोक 'हो' म्हणतील!

तिरकस
म्हणू देत. कॅमेऱ्यासमोर म्हणू देत, तारखेसकट जपून ठेवा.

वार्ताहर_जुना
पत्रकारांना शिकवणं सोपं आहे. पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न विचारता येतो, दुसऱ्याला माइक पुढे सरकलेला असतो. आणि जाहिरात देणाऱ्या उमेदवाराला अडचणीचं विचारलं तर संध्याकाळी कुणाचा फोन येतो, ते इथे लिहीत नाही.

तरी एक वाट आहे. गुन्हे दाखल असलेल्याला तिकीट का दिलं, याची कारणं निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करण्याचं बंधन पक्षांवर आहे. फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. 'निवडून येण्याची क्षमता' हे एकटं कारण त्यात चालत नाही. म्हणून उमेदवाराला सोडा, जिल्हाध्यक्षाला ते कारण वाचून दाखवा आणि विचारा, दुसरा माणूस का मिळाला नाही? प्रश्न लेखी पाठवा. उत्तर आलं नाही तर प्रश्न छापून खाली जागा कोरी सोडा.

रोखठोक
कोरी जागा आवडली. पण छापणार कोण? तिथे तर जाहिरात लागेल.

कडूनिंब
मग सभेत आपण विचारू. फक्त 'साहेब, आमच्याकडे लक्ष द्या'ने सुरुवात करू नका, तिथेच प्रश्नाची विनंती होते.

रोखठोक
सभेला या, बघू साहेब माइक खाली येऊ देतात का. आणि पाण्याचं मी विचारणारच. तारांकितसकट.