मशीहा, ख्रिस्त, अवतार, देहधारण : कोणता शब्द कुठे?

विचारणा
मराठी मजकुरात मसीहा, मशीहा, ख्रिस्त आणि तारणारा हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे सर्रास वापरलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का? आणि येशूच्या जन्माबद्दल लिहिताना 'अवतार' म्हणावं की 'देहधारण'?

उत्तर
मशीहा आणि ख्रिस्त यांचा अर्थ एकच, भाषा दोन. हिब्रू 'माशिआख' म्हणजे ज्याला तेल लावलं आहे तो, आणि ग्रीक 'ख्रिस्तोस' हे त्याचंच भाषांतर. बायबलच्या ग्रीक नव्या करारात हिब्रू शब्दाचं रूप तसंच ठेवलेली ठिकाणं दोनच, योहान १:४१ आणि ४:२५. दोन्हीकडे लगेच 'म्हणजे ख्रिस्त' असा खुलासा येतो. मराठी पवित्र शास्त्रात इथे 'मशीहा' आहे. 'मसीहा' हे रूप उर्दू-हिंदीतून आलं. उर्दू शायरीत मसीहा म्हणजे बरा करणारा, मेलेल्यात प्राण फुंकणारा. 'गरिबांचा मसीहा' हा वर्तमानपत्री प्रयोग त्याच वाटेने मराठीत आला. धर्मविषयक लेखनात 'मशीहा' ठेवावं.

'तारणारा' मात्र वेगळा. तो 'ख्रिस्त'चा अर्थ नसून 'येशू' या नावाशी जोडलेला आहे. मत्तय १:२१ मध्ये येशू हे नाव का ठेवायचं याचं कारणच 'तो आपल्या लोकांना तारील' असं दिलं आहे. येशू हे नाव, ख्रिस्त हे पद. कंसात 'ख्रिस्त (तारणारा)' असं लिहिलं की दोन्हींची सरमिसळ होते.

पुरवणी, 'अभिषिक्त'बद्दल
'मशीहा'चं मराठी भाषांतर 'अभिषिक्त', पण अभिषेक म्हटलं की मराठी वाचकाला पिंडीवरची धार आठवते. 'माशिआख'च्या हिब्रू धातूचा मूळ अर्थ तेल चोळणं, माखणं. शब्दशः पाहिलं तर तो 'अभ्यंगा'च्या जवळचा, पण आशय राज्याभिषेकाचा. १६७४ चा रायगडावरचा सोहळा माहीत असलेल्याला 'अभिषेक झाला म्हणजे अधिकार मिळाला' हे वेगळं सांगावं लागत नाही. बायबलमध्ये शमुवेल संदेष्ट्याने इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या डोक्यावर कुपीतलं तेल ओतलं, पुढे राजा झालेल्या दाविदाला शिंगातल्या तेलाने अभिषेक केला.

याजकांसाठीच्या तेलाचं प्रमाण जुन्या करारातल्या निर्गम ३० मध्ये दिलं आहे: गंधरस ५०० शेकेल (वजनाचं जुनं माप), दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५०, तज ५०० आणि जैतुनाचं तेल एक हिन (द्रवाचं जुनं माप). शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर नुसता गंधरसच साडेपाच किलो होतो. हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावायला मनाई होती. म्हणून 'अभिषिक्त' म्हणजे नुसता 'पवित्र' नव्हे, तर कामासाठी वेगळा काढलेला. यशया ४५:१ मध्ये तर पारसाचा राजा कोरेश यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटलं आहे, आणि तो इस्राएली नव्हता. त्यामुळे 'मशीहा म्हणजे देव' असं समीकरण कोशात देऊ नये. येशू देव आहे ही ख्रिस्ती श्रद्धा या एकट्या शब्दातून सिद्ध होत नाही.

कॅथलिक उपासनेत आजही हा धागा दिसतो. पवित्र सप्ताहात बिशप जे सुगंधी तेल आशीर्वादित करतात ते 'क्रिझम', आणि 'ख्रिस्त'शी त्याचा धातू एकच.

शंका
येशूच्या जन्मासाठी 'अवतार' टाळावा असं म्हणतात, पण तो इतका त्याज्य का? मतांगिकारात (ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत) 'स्वर्गातून उतरला' असं आहेच की. अवतार म्हणजे उतरणंच.

उत्तर
बरोबर, पण अर्धंच. ३२५ मध्ये निकेया (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत ठरलेल्या मतांगिकारात लागोपाठ तीन क्रियापदं आहेत: उतरला, देही झाला, मनुष्य झाला. 'अवतार' पहिलं तेवढं पेलतो. शिवाय तो पुन्हा पुन्हा होऊ शकतो, आणि इब्री लोकांस पत्रात तर 'एकदाच' यावर भर आहे.

'देहधारण' दुसरं क्रियापद पेलतं, पण त्यातही एक खोच आहे. आपण वस्त्र धारण करतो, वेश धारण करतो. देह वस्त्रासारखा घातला आणि आत मानवी मन नव्हतंच, असा अर्थ निघू शकतो. चौथ्या शतकातले बिशप अपोलिनारिस यांची शिकवण जवळपास हीच होती आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ती नाकारली. म्हणून 'देहधारण' लिहिलं की शेजारी 'मनुष्य झाला' हे यायलाच हवं. योहान १:१४ मधलं 'शब्द देही झाला' मला सर्वांत नेमकं वाटतं, कारण तिथे 'झाला' आहे.

आणखी एक अडचण
४५१ च्या खाल्केदोन धर्मपरिषदेचं येशूबद्दलचं सूत्र मराठीत 'एक व्यक्ती, दोन स्वभाव' असं देतात. रोजच्या मराठीत स्वभाव तापट असतो नाहीतर मवाळ, त्यामुळे 'दोन स्वभाव' ऐकून वाचक दुभंगलेल्या मनाचा माणूस समजतो. 'प्रकृती' घ्यावी तर ती बिघडते नि सुधारते, आणि सांख्य तत्त्वज्ञानातली प्रकृती वेगळीच. पहिल्या उल्लेखाला 'ईश्वरत्व व मनुष्यत्व हे दोन स्वभाव' असं पूर्ण लिहावं, मग एकटा 'स्वभाव' चालतो.

परिषदेने चार नकार घातले: मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. दूध-पाण्याचा दाखला पहिल्याच नकाराशी अडतो. जुन्या आचार्यांचा तापलेल्या लोखंडाचा दाखला बरा: लाल झालं तरी लोखंड लोखंडच, आग आगच, आणि चटका एकच बसतो. 'अर्धा देव, अर्धा माणूस' मात्र कुठेही लिहू नये. सूत्रात दोन्हीकडे 'पूर्ण' आहे.

'पुत्र'बद्दल थोडक्यात
मतांगिकारात पुत्राला, म्हणजे येशूला, 'जनित, निर्मित नव्हे' म्हटलं आहे. हा भेद चौथ्या शतकातला धर्मगुरू आरियस याच्या मताला उत्तर म्हणून आला. पुत्र ही निर्मिती आहे असं तो म्हणे. सुतार खुर्ची घडवतो, पण त्याच्या घरी जन्मतं ते माणसाचंच लेकरू. जे जनित ते जनकाच्याच तत्त्वाचं. 'निर्माण झालेला पुत्र' असं लिहिलं तर आरियसचंच मत छापलं जातं.

शेवटची सूचना, संपादकांसाठी
कॉप्टिक, आर्मेनियन किंवा केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरेच्या मजकुरात 'एक स्वभाव' आढळला तर चूक समजून 'दोन' करू नका. या मंडळींनी खाल्केदोन मान्य केलेलं नाही. 'देही झालेल्या शब्दाचा एक स्वभाव' हे त्यांचं सूत्र आहे, आणि ईश्वरत्व-मनुष्यत्वाची मिसळ झाली असं तेही म्हणत नाहीत. तिथे तळटीप द्यावी, मजकूर तसाच ठेवावा.