नवीन डिस्क घालूनही थरथर परत का येते

डिस्क-पॅड नवे घातल्यावर पिकअप काही हजार किलोमीटर छान चालली आणि आता ८०च्या पुढे ब्रेक दाबला की स्टेअरिंग पुन्हा थरथरतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर 'डिस्क वाकली' हे निदान मला पटत नाही. बहुतेकदा डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) किंचित तिरकी बसलेली असते. मग ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला तीच जागा पॅडला घासते, जाडी असमान होते आणि थरथर हळूहळू सुरू होते.

डिस्क उतरवून हबची डिस्क टेकते ती सपाट बाजू नीट पाहा. स्टडच्या (ज्यावर चाकाचे नट बसतात त्या बोल्टच्या) मुळाशी गंजाचा पापुद्रा चिकटलेला असतो, तो वायर ब्रशने पार धातू दिसेपर्यंत काढा. डिस्क नटांनी पक्की आवळून डायल गेज (बारीक डगमग मोजायचं काट्याचं मापक) लावा. ०.०५ मिमीच्या वर डगमग दिसली तर डिस्क एक स्टड फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. कितीदा तेवढ्यानेच काम होतं! आत्ताच्या डिस्कची जाडी मात्र असमान झालेली असल्याने ती लेथवर तासून सारखी करून घ्यावी लागेल, तेही तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या वर राहत असेल तरच. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सरकतात ना, तेही बघून घ्या.

चाकाचे नट इम्पॅक्ट गनने ठोकू देऊ नका, टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोरच लावणारा पाना) आडवे-तिडवे आवळा.

स्टेअरिंग शांत आणि सीटच थरथरत असेल तर मागचे ड्रम तपासा. रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरत हँडब्रेक हळूच ओढला की कळतं.