पर्मनंट, ठेक्यावर की घरून? आपापले अनुभव लिहा

मंडळी, आमच्याकडे स्थळ बघायला आलेला माणूस अजूनही आधी हेच विचारतो, "पोरगा पर्मनंट शे का?" मी भुसावळचा, वडील रेल्वेत होते. क्वार्टर, पास, दवाखाना, पेन्शन हे सगळं त्या एका शब्दात असतं, हे लहानपणीच कळलं होतं.

मार्च २०२० मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो. दोन वर्षांनी कंपनीने ऑफिसला परत बोलावलं, तेव्हा आईचं डायलिसिस सुरू होतं. राजीनामा दिला, परदेशातलं काम कंत्राटावर घेतलं. आईला आत घेतलं की मी बाहेरच्या बाकावर चार तास कोड लिहायचो. पैसे जास्त मिळाले. पण कंपनी भरायची तो पीएफचा १२ टक्के वाटा बंद झाला आणि नोकरी सोडताना एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटीही गेली, कारण नोकरीची पाच वर्षं भरायला पाच महिने कमी पडले. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा हिशेब असा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ने भागा, १५ने गुणा, मग वर्षांनी गुणा. सोडण्याआधी हा हिशेब मांडायला हवा होता.

तुम्हीही लिहा, आकड्यांसकट.

शिरपूरहून
मी अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं काम करते, रात्रपाळीत. न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची घड्याळं मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बदलली की माझी झोप, स्वयंपाक, लेकीची शाळा, सगळंच तासभर सरकतं. पहिलं वर्षभर सासूबाई दुपारी उठवायच्या, घरीच तर आहे म्हणून. एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठल्या आणि मला फोनवर बोलताना पाहिलं. तेव्हापासून दुपारी दाराची कडी त्याच लावून घेतात.

वरणगावकडचा
भाऊ, तुमचं कंत्राट वेगळं, आमचा ठेका वेगळा. मी एका मोठ्या कारखान्यात ११ वर्षं आहे. ठेकेदार पाच बदलले. गेट तेच, मशीन तेच, फक्त माझा पास नवा. शेजारी उभा राहतो तो पर्मनंट आहे. तो आजारी पडला तर त्याची रजा, मी पडलो तर माझा खाडा. मेमध्ये पारा ४५च्या वर जातो, पत्र्याखाली उभं राहवत नाही, तरी खाडा परवडत नाही. मशीन बिघडलं की तोच मला हाक मारतो, कारण त्या मशीनचा आवाज मला कळतो. तो माणूस चांगला आहे, राग त्याच्यावर नाही. पगारातून पीएफ मात्र दर महिन्याला कापतात.

जळगावहून
दादा, ठेकेदार बदलला तरी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच राहतो. मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा आणि प्रत्येक ठेकेदाराचे महिने मोजा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते, हेही लक्षात असू द्या.

शहादा तालुका
लाईट गेली की टॉवरही जातो. इन्व्हर्टर घेतला, दोन सिम ठेवली. तरी मीटिंगच्या दिवशी मोटारसायकलवर शहाद्याला मित्राच्या दुकानात जाऊन बसतो.

मूळचा चोपड्याचा, आता पुण्यात
मी पर्मनंटच राहिलो. बाबांच्या बायपासचा बहुतेक खर्च कंपनीच्या विम्यातून झाला, घराचं कर्ज पगाराच्या स्लिपांवर मिळालं. माझ्याहून जास्त कमावणाऱ्या फ्रीलान्सर मित्राला बँकेने तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स मागितली. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येते आणि तीन वर्षांत तिची माझी गाठ नाही. हे लिहिताना घशात काहीतरी अडकतंय.

वरणगावकडचा
जळगावच्या ताई किंवा दादा, काल रात्री मुलीने पासबुक उघडून दिलं. तिसऱ्या ठेकेदाराचे १४ महिने नाहीत. त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या घरवालीने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात, कापलेली रक्कम त्यावर आहे. सोमवारी खाडा करून पीएफ कार्यालयात जातोय. आणखी कोणते कागद लागतील, तेवढं सांगा.