‘संरेखन’, ‘जुळवणी’ की आणखी काही? नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणातील एका शब्दाविषयी

मूळ प्रश्न

रक्तद्रव, लघवी किंवा ऊती यांच्या नमुन्यांतील शेकडो रेणू क्रोमॅटोग्राफी (मिश्रण एका स्तंभातून वाहवून रेणू वेगळे करणे) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचे वस्तुमान मोजणे) यांनी मोजल्यावर जे आकडे हाती येतात, त्यांच्यावर प्रक्रिया कशी करावी हे नवशिक्यांना सांगणारी एक पुस्तिका मी मराठीत आणत आहे. तिच्यातल्या ‘अलाइनमेंट’ या शब्दापाशी मी अडले आहे. एकच रेणू प्रत्येक नमुन्यात स्तंभातून नेमक्या त्याच क्षणी बाहेर पडत नाही. समजा, एका नमुन्यात तो ७.४२ मिनिटांना दिसला तर दुसऱ्यात ७.५१ मिनिटांना दिसतो. आलेखातले हे दोन्ही उंचवटे एकाच रेणूचे आहेत हे ओळखून सर्व नमुन्यांच्या तक्त्यात त्यांना एका ओळीत बसवणे, म्हणजे अलाइनमेंट. मी सगळीकडे ‘संरेखन’ लिहिले होते. हस्तलिखित तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञांनी ते खोडून ‘जुळवणी’ केले. वाचायला तो शब्द मलाही बरा वाटला; परंतु पुढच्याच प्रकरणात, अनोळखी रेणूचा वर्णपट (त्याच्या वस्तुमानांचा आलेख) संग्रहातील वर्णपटांशी ताडून त्याची ओळख पटवण्याच्या क्रियेला मी आधीच ‘जुळवणी’ म्हटलेले आहे. आता ‘जुळवणी पूर्ण झाल्यावर जुळवणी करावी’ अशी वाक्ये तयार झाली आहेत. यातून वाट कशी काढावी?

प्रतिसाद १

‘संरेखन’ सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जनुकांचे क्रम एकमेकांखाली मांडण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि हे साम्य केवळ नावापुरते नाही. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली प्रथिनांच्या क्रमांसाठी दिलेली पद्धत आणि साकोए व चिबा यांनी १९७८ साली उच्चार ओळखण्यासाठी मांडलेली, पुढे क्रोमॅटोग्रामसाठीही (क्रोमॅटोग्राफीतून मिळणाऱ्या आलेखांसाठीही) वापरली गेलेली पद्धत, या दोहोंच्या मुळाशी एकच गणित आहे. विज्ञानात संकल्पना एक असेल तर शब्दही एकच असावा. बोलीतले शब्द गोड लागतात, पण त्यांना चार-चार अर्थ चिकटलेले असतात, आणि आपली अडचण नेमकी त्यातूनच उद्भवली आहे.

प्रतिसाद २

मी रोज हेच काम करते, आणि प्रयोगशाळेत ‘संरेखन’ हा शब्द एकदाही ऐकलेला नाही. आम्ही ‘रन (म्हणजे एकेका नमुन्याची मोजणी) अलाइन केले’ म्हणतो, किंवा ‘वेळा जुळवल्या’. पण माझा आक्षेप याहून मूलभूत आहे. ज्याला तुम्ही एक क्रिया समजत आहात, त्या दोन क्रिया आहेत. स्तंभ जुना होतो, तापमान किंचित बदलते, द्रावकाचे प्रमाण हलते, नमुन्यातले क्षार नि मेद स्तंभात साचतात, आणि त्यामुळे सगळ्या वेळा सरकतात, त्याही सारख्या प्रमाणात नव्हे. हा सरकाव दुरुस्त करणे ही पहिली क्रिया. दुरुस्तीनंतरही थोडा फरक उरतोच. तेव्हा कोणत्या नमुन्यातला कोणता उंचवटा दुसऱ्या नमुन्यातल्या कोणत्या उंचवट्याचा जोडीदार, हे वेळ आणि वस्तुमान-प्रभार गुणोत्तर दोन्ही पाहून ठरवणे ही दुसरी. पहिली नीट झाली नाही, तर दुसऱ्या क्रियेत एकाच रेणूच्या दोन ओळी होतात. एका ओळीत अर्ध्या नमुन्यांपुढे रिकाम्या जागा, दुसऱ्या ओळीत उरलेल्या अर्ध्यांपुढे. मग आजारी गटात हा रेणू नाहीच, असा निष्कर्ष कोणी मोठ्या विश्वासाने काढतो. मी स्वतः अशा एका तक्त्यावर तीन आठवडे घालवले आहेत, म्हणून आग्रहाने सांगते की पहिल्या क्रियेला ‘काळदुरुस्ती’ म्हणावे, दुसरीला ‘जुळवणी’, आणि संग्रहाशी ताडण्याला ‘ओळख’ किंवा सरळ ‘पडताळा’.

प्रतिसाद ३

‘काळदुरुस्ती’ हा शब्द एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद मोजून रेणू ओळखण्याची पद्धत) करणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही. आमच्या आडव्या अक्षावर काळ नसतोच. लघवीच्या नमुन्याचा सामू थोडा बदलला तरी सिट्रेटची शिखरे बाजूला सरकतात. म्हणूनच नमुन्यात बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घालतात, आणि तरीही उरलेला सरकाव आकडेमोडीने काढावा लागतो. त्यालाही अलाइनमेंटच म्हणतात. ‘सरकाव दुरुस्ती’ म्हटले तर दोन्हीकडे चालेल.

जाता जाता एक विनंती आहे. उंचवट्यासाठीचा इंग्रजी ‘पीक’ हा शब्द कृपा करून देवनागरीत लिहू नये. ‘पीक निवडताना घ्यायची काळजी’ हे शीर्षक मी एका टिपणात वाचले, आणि ते शेतीविषयी नाही हे कळायला मला दुसरा परिच्छेद गाठावा लागला.

प्रतिसाद ४

पीक नको हे मान्य, पण शिखर तरी योग्य आहे का? शिखर म्हणजे फक्त टोक. आपण मोजतो ते आधाररेषेच्या वरचे सगळे क्षेत्रफळ. मूळ प्रश्नात आलेला ‘उंचवटा’च मला अधिक खरा वाटतो.

प्रतिसाद ५

मला या शब्दांच्या मुळांविषयी सांगावेसे वाटते. ‘अलाइन’मधली ‘लाइन’ लॅटिन ‘लिनेआ’वरून आली आणि तिचा मूळ अर्थ जवसाच्या तंतूंचा दोरा. अक्ष वेडावाकडा ताणण्यासाठी इंग्रजीत जो ‘वार्प’ शब्द आहे, तोच मागावरच्या उभ्या धाग्यांनाही आहे. मराठीत त्यांना आपण ताणा म्हणतो, आणि ‘ताण’, ‘तंतू’, ‘तंत्र’ ही सारी ‘तन्’ धातूची संतती आहे. १९९८ साली मांडलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत क्रोमॅटोग्रामचे तुकडे पाडून, सहसंबंध जास्तीत जास्त होईपर्यंत प्रत्येक तुकडा ताणतात किंवा आकसवतात. तिला ‘ताणजुळणी’ म्हणता येईल. आणि अलाइनमेंटसाठी तर गवंड्याच्या तोंडी तयार शब्द आहे: भिंत ‘सुतात’ आहे की नाही, हे तो दोरी धरून पाहतो. नमुने ‘एका सुतात आणणे’ याहून अचूक मराठी कोणती?

प्रतिसाद १ कडून पुन्हा

‘सुतात आणणे’ मनापासून आवडले, पण तक्त्याच्या शीर्षकात नाम लागते, विशेषण लागते. ‘संरेखित’ लिहिता येते. ‘सुतात आणलेली शिखरे’ प्रत्येक आकृतीखाली कशी लिहिणार?

प्रतिसाद ३ कडून पुन्हा

तशीच लिहावीत. दोन अक्षरे जास्त लागली तर बिघडत नाही. शिवाय ‘संरेखन’मध्ये रेषा गृहीत आहे; द्विमितीय वायू-क्रोमॅटोग्राफीत प्रत्येक रेणूला दोन वेळा असतात आणि तो रेषेवरचा उंचवटा नसून पटलावरचा ठिपका असतो. तिथे कोणती रेषा?

प्रतिसाद ५ कडून पुन्हा

पटल म्हणजे उभे-आडवे धागेच की. तिथे ताणा आणि बाणा दोन्ही सुतात आणावे लागतील.

मूळ प्रश्नकर्तीकडून

क्रिया दोन आहेत हे मला माहीत नव्हते, त्यामुळे ते प्रकरण आता मला शब्दांसकट पुन्हा लिहावे लागेल. ‘सरकाव दुरुस्ती’ मी घेतली आहे. मात्र दुसरी क्रिया ‘जुळवणी’ झाली, तर संग्रहाशी ताडण्याला ‘पडताळा’ म्हणावे का, यावर कोणीच बोलले नाही. पडताळ्यात उत्तर आधीच हाती असते, आणि इथे तर तो रेणू कोणता हेच शोधायचे आहे.

प्रतिसाद ४ कडून पुन्हा

त्याकडे वळण्याआधी ‘उंचवटा’ की ‘शिखर’ हे ठरले तर बरे होईल, कारण ताडायचे काय, हे त्यावर अवलंबून आहे.