गल्लीतली अरेपेरा: तुमचे अनुभव लिहा

डोरल, फ्लोरिडा

मायामी विमानतळाच्या पश्चिमेला आमचं डोरल. व्हेनेझुएलाची इतकी मंडळी इथे येऊन राहिली आहेत की लोक गावाला लाडाने 'डोरलसुएला' म्हणतात. घरापासून चार मिनिटांवर एक अरेपेरा आहे, म्हणजे अरेपा (मक्याच्या पिठाची जाड, सारण भरलेली भाकरी) मिळणारी खानावळ. आठ टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर बेसबॉल, आणि प्रत्येक टेबलावर ग्वासाकाकाची बाटली. ग्वासाकाका म्हणजे अवोकाडो, कोथिंबीर, लसूण आणि व्हिनेगरची पातळ हिरवी चटणी.

पहिल्या दिवशी जेवण येईपर्यंत मी काउंटरपाशी उभी होते. आतल्या बाईंनी मक्याच्या पिठाचा गोळा घेतला, दोन्ही तळव्यांत फिरवत चपटा केला, कडेला गेलेल्या भेगा ओल्या बोटाने बुजवल्या आणि तव्यावर टाकला. त्या तव्याला ते बुदारे म्हणतात. दोन्ही बाजूंनी डाग पडल्यावर त्यांनी बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. पोकळ आला की अरेपा आतून शिजली. मग सुरीने पोट चिरायचं आणि सारण भरायचं. ओल्या बोटाने भेग बुजवणं मी आईकडे ज्वारीच्या भाकरीला रोज पाहिलं होतं. माझे डोळे भरून आले.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते ती रेना पेपियादा, म्हणजे चिकन, अवोकाडो आणि मेयोनीजची अरेपा. 1955 साली व्हेनेझुएलाची सुसाना दुइम मिस वर्ल्ड झाली, तिच्या कौतुकात काराकासमध्ये हे नाव पडलं. मला सगळ्यात आवडतं ते मात्र पापेलोन कोन लिमोन: उसाचा गूळ पाण्यात विरघळवून लिंबू पिळलेलं, बर्फ घातलेलं सरबत. आपलं गूळ-पाणीच की!

आपले लोक "मेक्सिकन असेल काहीतरी" म्हणून पुढे जातात, त्याचं वाईट वाटतं. हे जेवण तिखट नाही, आणि टॉर्टियाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही कुठे खाल्लंत, काय मागवलंत, शाकाहारी असाल तर कसं जमवलंत, सविस्तर लिहा.

केटी, टेक्सास

शाकाहाराचं मी सांगते. आम्ही दोघंही मांस-मासे काही खात नाही. पहिल्यांदा 'दोमिनो' मागवली. काळा घेवडा आणि वर किसलेलं पांढरं चीज, दोमिनोच्या सोंगट्यांसारखं काळं-पांढरं, म्हणून ते नाव. आधी विचारून घेतलं होतं, मांस नाही असं सांगितलं गेलं. अर्धी संपल्यावर घेवड्यात बेकनचा तुकडा निघाला. नवरा तसाच उठून बाहेर गेला, त्या रात्री जेवलाच नाही. मला फार राग आला होता. पुढे शेजारच्या काराकासच्या काकूंनी समजावलं की घेवड्याच्या फोडणीत बेकन घालायची बऱ्याच घरांत पद्धत आहे, आणि फोडणीतलं ते कोणी मांसात धरत नाही. म्हणून नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणू नका. "सिन तोसिनेता, सिन हामोन" (बेकन नको, हॅम नको) असं एकेक नाव घेऊन विचारा.

आता आम्ही दुसरीकडे जातो आणि डोळे झाकून काचापा मागवतो. कोवळे मक्याचे दाणे भरड वाटून केलेलं जाडसर, गोड घावन, वर लोणी, आत केसो दे मानो हे मऊ चीज घालून दुमडलेलं. चीज तुटता तुटत नाही. सोबत पिकलेल्या मोठ्या केळ्यांचे तळलेले काप, ताखादास. राजेळी केळ्याच्या कापांची चव ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको.

न्यू जर्सी

मुलीला गहू चालत नाही, त्यामुळे अरेपा आमच्यासाठी मोठा आधार आहे. पण तेकेन्यो, म्हणजे चीजभोवती कणकेची पट्टी गुंडाळून तळलेल्या कांड्या, गव्हाचे असतात. तळण एकाच कढईत होतं का, हे आधी विचारा.

ठाणे (चार वर्षं बोगोतात होतो)

कोलंबियाचीही अरेपा असते, पातळ आणि बहुधा न भरलेली. खरी कोणाची, यावर दोन्हीकडची माणसं तासन् तास वाद घालतात. आमच्या ऑफिसखालची अरेपेरा व्हेनेझुएलाच्या एका जोडप्याची होती, आणि माझं मत त्यांच्या बाजूने.

परत आल्यावर घरी करून पाहिली. आपल्याकडचं मक्याचं पीठ वापरलं, गोळा फुटत राहिला. कारण तिकडचं पीठ आधी शिजवलेल्या मक्याचं असतं. पूर्वी घरोघरी मका पिलोनमध्ये, म्हणजे लाकडी उखळात कांडायचा, शिजवायचा, मग दळायचा. 1960 मध्ये पोलार कंपनीने 'हारिना पान' हे तयार पीठ आणलं आणि ती मेहनत संपली. ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या बाईचं चित्र असलेलं पिवळं पाकीट बघा. एक वाटी पिठाला सव्वा वाटी कोमट पाणी, मीठ, आणि पाच मिनिटं झाकून ठेवणं. हे झाकून ठेवणं चुकवू नका.

माद्रिद

मी इथे शिकते. डिसेंबरमध्ये आमच्या गल्लीतल्या अरेपेराने ठरलेल्या गिऱ्हाइकांना अयाका बांधायला बोलावलं. अयाका म्हणजे मक्याचं पीठ केळीच्या पानावर थापायचं, त्यात मांसाचा रस्सा, ऑलिव्ह, बेदाणे भरायचे, पान दुमडून दोऱ्याने बांधायचं आणि उकडायचं. नाताळात घरातली सगळी बसतात: एक पानं पुसतो, एक थापतो, एक बांधतो. पान पाण्यात पडल्यावर जो वास सुटला तो थेट पानग्यांचा होता.

मालकीणबाईंची आई व्हेनेझुएलात माराकाइबोला असते, सात वर्षांत भेट नाही. देश सोडून गेलेल्यांचा आकडा 70 लाखांच्या वर आहे, त्यातल्याच या. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आई पलीकडून गाठी तपासत होती. "सैल आहे, पुन्हा बांध," असं मलाही दोनदा ऐकावं लागलं.

मी मांस खात नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी न सांगता चार अयाकांत मश्रूम आणि चणे भरले. सगळ्यांचा दोरा पांढरा, माझ्या चारांना लाल, म्हणजे पातेल्यातून काढताना चुकायला नको.