आजोबांच्या फोटोतलं स्पिटफायर नेमकं कोणतं? खरा नंबर कसा शोधायचा?

वायुसेनानगरकर
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. आमचे आजोबा एअरफोर्समध्ये फिटर होते, ट्रेनिंग बंगलोरला जलाहल्लीत झालं. त्यांच्या पेटीत एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडला, ट्रेनिंगची पोरं उभी अन् मागं स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. विमानाच्या अंगावर "टी २" एवढंच वाचता येते, पुढचा आकडा एका पोराच्या खांद्यामागं गेला आहे. आपल्याकडची बरीच स्पिटफायर ७० च्या दशकात बाहेर गेली अन् रिस्टोअर होऊन उडतात असं वाचलं. तर हे विमान सापडेल का? अन् रिस्टोअर केलेल्यावर जो नंबर असतो तो खराच असतो का? आजोबा आता नाहीत, पण आजीला सांगायचं आहे.

ग्रिफनवेडा
भाऊ, रंगवलेल्या नंबरवर तर जाऊच नका. टी म्हणजे उडणं बंद करून पोरांना शिकवायला ठेवलेलं विमान. त्याच्या आधी त्याला आरएएफचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा नंबर असतो, काहींना आपल्याकडं आल्यावर आपल्या एअरफोर्सचा एचएस अक्षरांनी सुरू होणारा मिळाला, म्हणजे एकाच विमानाची दोन-तीन नावं. एमव्ही२९३ चंच घ्या, मार्क १४ (मार्क म्हणजे स्पिटफायरची आवृत्ती), आपल्याकडं ते टी२० होतं, नंतर इंग्लंडला डक्सफर्डला गेलं अन् तिथं त्याच्यावर बरीच वर्षं एमव्ही२६८ अन् जेई-जे रंगवलेलं होतं, कारण ते महायुद्धातला नावाजलेला ब्रिटिश फायटर पायलट जॉनी जॉन्सनच्या विमानाचं मार्किंग. ज्यानं नुसता फोटो पाहिला त्याला ते जॉन्सनचंच वाटणार ना.
खरी ओळख धातूवर असते. इंजिनच्या मागं जी आगरोधक भिंत असते, फ्रेम ५, तिथली पाटी अन् ठोकलेले नंबर पाहतात, मग पार्टांवरचे नंबर. ३६१ नं सुरू होणारा पार्ट मार्क ९ साठी काढलेला, ३७९ मार्क १४ चा. पण मार्क १४ हे मार्क ८ वरूनच पुढं आलं म्हणून त्यात ३६० वाले पार्ट पण निघतात, त्यावरून गोंधळून जाऊ नका. इंजिनच्या नंबरवर काही ठरत नाही, इंजिन अन् पंख तर सर्व्हिसमध्येच बदलले जायचे.

जुनीपानं
पाटीवर पण एवढा भरवसा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पाटी चार रिव्हेट काढले की निघते अन् दुसऱ्या सांगाड्यावर बसते, आणि मूळ नंबर असलेल्या विमानाला किंमत जास्त मिळते हे विसरू नका. कागद जुळला पाहिजे. आरएएफच्या प्रत्येक विमानाचं फॉर्म ७८ नावाचं कार्ड असायचं, कोणत्या तारखेला कोणत्या युनिटला गेलं ते सगळं त्यावर, आणि ही कार्डं लंडनला हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहेत. पण विमान भारताला दिलं की कार्ड तिथंच थांबते. पुढचा धागा आपल्याकडच्या कागदांतून अन् अशा घरगुती फोटोंतूनच जोडावा लागतो, म्हणून तुमचा फोटो मोलाचा आहे, जपून ठेवा.

वायुसेनानगरकर
खूप आभार. सीताबर्डीवरून मोठ्या रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करून आणला. पंख्याला पाच पाती दिसतात, कॉकपिटची काच बुडबुड्यासारखी गोल आहे अन् मागची पाठ खाली उतरलेली. म्हणजे टी२०च ना?

ग्रिफनवेडा
थांबा, एवढ्यात आजीला सांगू नका. पाच पाती म्हणजे ग्रिफन इंजिनवालं, म्हणजे नंतरच्या स्पिटफायरमधलं मोठं इंजिन, इथपर्यंत पक्कं. एमव्ही२९३ ची पाठ पण अशीच उतरलेली आहे, पण मार्क १८ पण बाहेरून जवळपास तसंच दिसते, दिल्लीत पालमच्या एअरफोर्स म्युझियममधलं एचएस९८६ पाहा. अन् टी २ च्या पुढं कोणताही आकडा असू शकतो.

जुनीपानं
बरोबर. आता फोटोपेक्षा माणसं शोधा. आजोबांच्या सर्व्हिस बुकात ट्रेनिंगच्या तारखा असतील त्या आधी काढा, मग त्याच बॅचच्या घरी विचारा, फोटोग्राफर सहसा एकाच जागेवरून दोन-तीन फोटो काढतो अन् दुसऱ्या फोटोत तो पोरगा थोडा बाजूला सरकलेला असू शकतो. तुमच्या वायुसेनानगरात जुने रिटायर्ड लोक भेटतील, सुरुवात तिथूनच करा.

वायुसेनानगरकर
सर्व्हिस बुक आजीच्या कपाटात आहे. आज काढतो अन् तारखा इथं टाकतो.