नावात काय असतं म्हणणाऱ्यांसाठी, जरा सविस्तर

शहापूरची पेटी :
परवा आपल्या बेळगावच्या गटात अनगोळ नाकावाल्यांनी लिहिलं, "गाण्याचं नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. आत साखर असली की गोडच लागणार." त्यावर अंगठ्यांची रांग. वाचून डोकं उठलं, म्हणून हे लांबण.

इथं जवळच सुळेभावीला जन्मलेले आपले गवई कुमार गंधर्व. त्यांनी गांधी शताब्दीच्या निमित्ताने 'गांधी मल्हार' हा राग बांधला. नाव न सांगता नुसता आलाप ऐकवा, लोक पाऊस शोधतील. नाव सांगा, त्याच आलापात करुणा ऐकू येईल.

आता माझी फजिती. 'कानडा राजा पंढरीचा' हे गाणं दरबारी कानडा रागात आहे, असं मी भजनी मंडळात पैज लावून सांगितलं होतं. का, तर नावातच कानडा! मला त्यात चक्क दरबारीतला ऋषभ, म्हणजे रे, ऐकू यायचा. मास्तरांनी पेटी पुढे सरकवली, "काढ बघू." निघेना. मालकंस हो तो, त्यात रे नाही आणि प नाही. नावाने माझ्या कानात अख्खा स्वर घातला होता. चिठ्ठी म्हणे!

अनगोळ नाका :
काय सांगूलायस मर्दा! तुझा कान कच्चा, त्याला नाव काय करणार? आणि आपल्याकडे गाण्याला नाव असतंय कुठं? पहिली ओळ तेच नाव. माझ्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, शेकडो अभंग पाठ. तिला कुणी शीर्षकं वाचून दाखवली होती?

खानापूरचा जावई :
पहिली ओळसुद्धा दारावरची पाटीच असते की. आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी 'कानडा राजा' लागलं की हातातलं काम टाकून येतात, "नम्म विठ्ठल", आमचा विठ्ठल, म्हणत. ज्ञानेश्वरांच्या 'पांडुरंगकांती'तही 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' आहे. तो अभंग आमच्याकडे रोज सकाळी लागतो, त्यांचं कधी लक्ष गेलं नाही. शब्द तोच. एकात उंबऱ्यावर, एकात माजघरात.

अनगोळ नाका :
थांबा! कानडा म्हणजे कळायला अवघड, अगम्य. करनाटकु म्हणजे नाटक करणारा, लीला करणारा. भाषेचा संबंध काय? १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं 'बेळगावी' केलं, आता दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, उद्या विठोबापण लिहून द्या त्यांना!

खानापूरचा जावई :
दोन्ही अर्थ सांगतात जाणकार. आणि विठोबाचा सातबारा तुमच्या नावावर कधी झाला?

अनगोळ नाका :
तू जावई, तुला काय कळणार. माझ्या दुकानाची पाटी तीनदा रंगवली मी. तीनदा! पहिल्यांदा अक्षरं लहान म्हणून, मग कन्नड वर पाहिजे म्हणून, मग रंगाऱ्यानंच कन्नडात चूक केली म्हणून. पैसे कुणाचे गेले?

टिळकवाडी तिसरं गेट :
पाटीचं सोडा, रस्त्याचं बोला. आमच्याकडे खड्ड्याला कुठल्याच भाषेत पाटी नाही.

शहापूरची पेटी :
विषय गाण्याचा होता. पण नाकावाले, एक सांगा. 'बेळगावी' ऐकलं की तुमचा तिळपापड होतो. गाव तेच, कुंदा तोच, कॅम्पातला पाऊस तोच. डब्यावरची चिठ्ठीच ना ती? मग एवढं का झोंबतं?

अनगोळ नाका :
ते वेगळं. ते माझं गाव आहे.

शहापूरची पेटी :
आणि अज्जींचा तो विठ्ठल आहे.

वडगावची सून :
तुमचं भांडण चालू दे, मी माझं सांगते. लेक फोनवर नाव वाचूनच गाणी पुढे ढकलते. 'अभंग' दिसलं की गेलं. एकदा मी फाइलचं नाव बदलून 'ट्रॅक ०७' ठेवलं. पूर्ण ऐकलं, वर विचारते, "कुणाचा आवाज गं हा?" भीमसेन जोशी म्हटल्यावर तोंड बघण्यासारखं.

अनगोळ नाका :
म्हणजे नाव काढल्यावर गाणं पोचलं! माझाच मुद्दा झाला.

वडगावची सून :
अहो, नावामुळेच अडलं होतं ना इतके दिवस?

अनगोळ नाका :
(तासाभराने) बरं बाई. नावानं माणूस दारातनं परत जातोय, एवढं मान्य. पाटीला तीनदा पैसे घातलेला माणूस याहून जास्त काही मान्य करणार नाही. आत आल्यावर मात्र सूरच. आणि पेटीवाले, तो ऋषभ अजून येतोय काय ऐकू?

शहापूरची पेटी :
येतो. मालकंस आहे हे ठाऊक असूनही येतो.